दाराजवळची खुर्ची

लग्न असो, मयत असो, की देवाची कथा गाऊन सांगणारे बुवा असोत, इस्त्रीवाली बसायची ती दाराजवळच्या खुर्चीवरच. बुवा रंगात आले, सगळे डोळे पुसू लागले, की नेमकी ही उठून चालू पडायची. लोक म्हणायचे, बाईला भक्तीचं वावडं. भक्ती उदंड होती हो, पोटावर ताबा नव्हता! मुलीच्या वेळी बाळंतपण अडलं, आत टाके पडले, आणि पन्नाशी उलटल्यावर त्या जुन्या दुखण्याने डोकं वर काढलं. कळ आली की संडास गाठेपर्यंत उशीर झालेला असायचा.

हे नवऱ्याला ठाऊक होतं आणि देवाला. थोरल्या बहिणीला, ताईला, नव्हतं. ताईचं गाव बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. बसमध्ये कुठला आलाय संडास? म्हणून भाच्याच्या लग्नाला ही गेलीच नाही. "दुकानात कपड्यांचा ढीग पडलाय गं," असं फोनवर सांगून मोकळी झाली. पुढे हिच्या मुलीच्या लग्नाला ताई आली नाही. गुडघे दुखतात म्हणे. फुगली, दुसरं काय! फोन आखडत गेले आणि एक दिवस बंदच पडले.

मग भाचेसुनेचा फोन आला. "मावशी, आईंचं काही खरं नाही. यायचं तर लवकर या."

बसचा प्रवास जमावा म्हणून त्याच आठवड्यात इस्त्रीवाली दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तपासून बायोफीडबॅक नावाच्या उपचाराला पाठवलं. नाव ऐकून तिला वाटलं, विजेचे झटके देत असतील.

"यंत्र काहीच करत नाही, मावशी," तिथली शिकवणारी मुलगी म्हणाली. "ते नुसतं दाखवतं. करायचं सगळं तुम्ही."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखंच. बसल्या जागेवरून चुका दाखवायच्या."

मुलगी हसली, आणि त्या हसण्यात निम्मी लाज गेली. कुशीवर निजायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, अंगावर चादर. बोटाहून बारीक नळी मलम लावून मागच्या वाटेने आत गेली. अवघडल्यासारखं झालं, दुखलं मात्र नाही. पोटावर दोन चिकटपट्ट्या लावल्या. समोरच्या पडद्यावर दोन रेघा सरकत होत्या, वरची पोटाची, खालची त्या मागच्या दाराच्या स्नायूची.

"आता आवळा. वारा सरायला नको म्हणून धरतो ना, तसं."

तिने सगळा जीव एकवटून आवळलं. वरची रेघ उसळली. खालची मेल्यासारखी पडून राहिली.

"पोट नको, मावशी. आणि श्वास कशाला कोंडलात?"

जाड कापडावर इस्त्री दाबायची तर श्वास कोंडायचा, पोट घट्ट करायचं, अंगाचा भार हातावर द्यायचा. उभा जन्म त्यात गेला. जोर लावायची दुसरी रीत त्या देहाला माहीतच नव्हती. म्हणजे इतकी वर्षं बिचारी रोखायच्या नावाखाली वरून खाली रेटत होती.

"गाता येतं का? गाताना श्वास कोंडता येत नाही."

लहानपणी सांजेच्या प्रार्थनेला ताई पुढे गायची आणि ही मागून. तीच चाल तिने गुणगुणली. लांबलेल्या सुरावर हळूच आवळलं. खालची रेघ उठली, थरथरली आणि उभी राहिली.

"रडताय? दुखलं का?"

"नाही गं. रेघ ऐकतेय माझं."

पुढे दर आठवड्याला जाणं सुरू झालं. आत एक छोटा फुगा ठेवून त्यात थोडी हवा भरायची. जाणवली की सांगायचं आणि लगेच आवळायचं. आधी तिला फुगा चांगला फुगल्यावर कळायचं, मग थोडक्यातही कळू लागलं. घरी निजून सराव, मग बसून, मग इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून.

"अगदी पहिल्यासारखं होईल असं मी म्हणत नाही," मुलगी म्हणाली. "पण संडासापर्यंत पोचाल."

नवरा म्हणायचा, "आता जा गं. पिशवीत दोन लुगडी जास्त टाक आणि जा."

"अहो, बसमध्ये झालं म्हणजे?"

"झालं तर झालं. ताई थांबणार आहे का तुझ्यासाठी?"

"एवढा एक आठवडा."

असं म्हणत म्हणत तिने आणखी काही आठवडे घालवले.

शेवटी निघाली. वाटेत कळ आली. ती गुणगुणत राहिली, आवळत राहिली, श्वास चालू ठेवला आणि कळ ओसरली. देवा, तुझी दया! पण ताईची वाचा आदल्याच दिवशी गेली होती. डोळे तेवढे उघडे होते.

चादर बदलायला भाचेसुनेला हात द्यावा म्हणून तिने ताईला कुशीवर वळवलं. खाली रबराचं कापड होतं. विरलेलं, कडांना तडे गेलेलं. हे काही आजारपणात आणलेलं नव्हतं.

"हे कधीपासून?"

भाचेसून खाली बघत म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. तुमच्याकडच्या लग्नाला निघाल्या होत्या हो आई. बॅग घेऊन स्टँडवर गेल्या आणि लुगडं खराब झालं म्हणून परत आल्या. मला शपथ घातली, मावशीला कळता कामा नये."

ती ताईच्या उशाशी बसली. "ताई, मलाही तेच गं. मी तुला फुगली म्हटलं." ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं. समजून आलं की नुसतंच, ते देव जाणे. मग तिने कोमट पाण्याने ताईला पुसलं, कोरडं केलं, हात हातात धरून ती जुनी चाल म्हणत राहिली. या वेळी पुढे हीच होती. मागून कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई गेली.

प्रार्थनेला माणसं जमली. भाचेसुनेने मावशीसाठी दाराजवळ खुर्ची ठेवली. इस्त्रीवाली ती ओलांडून पुढे गेली आणि ताईच्या तसबिरीसमोर बसली. सगळे गाऊ लागले, तीही गाऊ लागली. मध्येच कळ आली. तिने आवळून धरलं आणि शांतपणे उठली.

"कुठे निघालात हो मावशी, मध्येच?" शेजारची कुजबुजली.

"संडासला," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझी जागा धरून ठेव. मी येतेय."