कुलपातलं पुस्तक

त्या पोरीला तुम्ही फसवलंत. शाळांसाठी पुस्तकं मंजूर करणारे, वाचनालयात काय ठेवायचं नि काय रद्दीत घालायचं हे ठरवणारे जे कोणी आहात, ते तुम्हीच. खुर्चीवर आता दुसरा माणूस आलाय, ही सबब सांगू नका. माणूस बदलला असेल, खुर्ची तीच आहे.

पोरगी म्हणजे चष्मेवाल्याची एकुलती एक. बापाच्या दुकानात काचा घासायच्या चाकाशेजारी वाढलेली, सतत काहीतरी विचारत घरभर फिरणारी, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. ती भौतिकशास्त्र शिकायला कॉलेजात गेली. दुसऱ्या वर्षी एक प्रयोग तिला काही केल्या जमेना. आकडे रोज वेगळे यायचे. बाकीच्यांनी पुस्तकातले आकडे उतरवून सुटका करून घेतली, हिला ते जमेना. सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, की तुला इथे कोणी पाठवलं? त्या दिवशी भिंगरी घरी आली आणि तिने खोलीचं दार लावून घेतलं.

ताट दाराशी ठेवावं, तसंच उचलावं. आईने रागावून पाहिलं, रडून पाहिलं. बापाने बिचकत दार वाजवलं तेव्हा आतून एवढंच आलं, "बाबा, ते लोक जन्मतःच तसे असतात. मी नाहीये तशी. शुक्रवारी कॉलेजातून नाव काढून घ्यायला जाणार आहे." तिच्या आवाजात राग असता तर बापाला बरं वाटलं असतं. आवाज विझल्यासारखा होता. शुक्रवारनंतर ही पोरगी करील काय, हा विचार आला की तो चाक थांबवून काच बाजूला ठेवायचा.

ते लोक. हे हिला कोणी सांगितलं, म्हणून त्याने तिच्या फळीवरची पुस्तकं काढली. शाळेत दरवर्षी बक्षीस मिळालेली, थोर शास्त्रज्ञांची चरित्रं, तुमच्या मंजुरीची. त्याने ती कौतुकाने ओळीत लावली होती, आल्यागेल्याला दाखवली होती, पण वाचली कधीच नव्हती. बक्षिसाचं पुस्तक का कोणी वाचतं? आता दुकान बंद ठेवून तो एकामागून एक वाचत सुटला आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. प्रत्येक जण लहानपणापासून कुशाग्र. प्रत्येकाचे गुरुजी पहिल्याच दिवशी थक्क. कोणाचा प्रयोग फसत नाही, कोणाचं घरात भांडण नाही, कोणी लोळागोळा होऊन पडून राहत नाही. नाव बदला, मिशी बदला, पुढचं पुस्तक तयार. आणि त्याची पोरगी दहा वर्षांची असल्यापासून या पुतळ्यांशी स्वतःला जोखत आली होती.

तो पुस्तकांच्या दुकानात गेला. शास्त्रज्ञाचं असं चरित्र द्या, म्हणाला, ज्यात त्याचं चुकतं. दुकानदार हसला. नापास होण्याचं पुस्तक कोण विकत घेणार काका, यशाची हवी तेवढी आहेत, वजनावर देतो. दुसऱ्या दुकानातही तेच, फक्त हसणं कमी.

घरी बायको म्हणाली, "अहो, पोरीला डॉक्टर हवाय की पुस्तक, ते आधी ठरवा."

"दोन्ही," तो म्हणाला. "डॉक्टरला तू फोन कर."

कारण त्याला आठवलं होतं. तसं पुस्तक होतं. तरुणपणी तो वाचनालयाच्या जुन्या ग्रंथपालांचा चष्मा द्यायला गेला होता. त्यांनी खुश होऊन एक कपाट उघडून दाखवलं, ज्यातली पुस्तकं मौल्यवान म्हणून घरी न्यायला मिळत नसत. तिथल्या एका चरित्रात एक भौतिकशास्त्रज्ञ होता. परदेशी नाव, जिभेवर न बसणारं. चष्मेवाल्याने ते उभ्या उभ्या अर्धं वाचलं आणि बंद होण्याची घंटा झाली. उद्या येऊन उरलेलं वाचू, म्हणून तो निघाला. पण तो परत जाण्याआधीच जुन्या ग्रंथपालांची बदली झाली, कपाटाचा चार्ज कोणी कोणाकडून घ्यायचा यावर घोळ पडला आणि कुलूप लागलं ते लागलंच.

आता वाचनालयात नव्या बाई होत्या. कपाटाच्या जागी शोभेची कुंडी होती. बाईंनी बिचाऱ्या खरंच शोधलं, मग सांगितलं की वर्षानुवर्षं कोणी न नेलेली पुस्तकं काढून टाकायचा वरून आदेश आला होता. त्या कपाटातलं एकही कोणी नेलेलं नव्हतं. सगळी रद्दीत जाऊन त्यांचा लगदा झाला.

"पण ती न्यायला देतच नव्हते ना."

"हो. म्हणूनच नेली नाहीत."

"म्हणजे माणसाला कोंडून ठेवायचं आणि फिरत नाही म्हणून पुरायचं."

बाई उठून फळीकडे गेल्या. मग शास्त्रज्ञाचंच हवं असेल तर हे न्या, म्हणून एक चकचकीत पुस्तक पुढे केलं. ते त्याच्या घरच्या फळीवर होतं.

तो रिकाम्या हातांनी घरी आला आणि भिंगरीच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसला. आठवत होतं तेवढं सांगू लागला. एक माणूस होता, त्याचे आकडे रोज वेगळे यायचे. सगळे हसले. त्याने कॉलेजातून नाव काढून घेतलं आणि तो बहिणीकडे जाऊन पडला. सगळा हिवाळा कोणाशी बोलला नाही. बहीण वैतागायची, बसल्या जागी निदान घड्याळं तरी दुरुस्त कर म्हणायची, तीही याने बिघडवली. मग एका सकाळी तो आपणहून उठला, खिडक्या लावून खोली अंधारी केली आणि बहिणीकडे शिवणाची सुई मागितली.

बाप थांबला. कडी सरकली. दाराची फट झाली.

"पुढे काय झालं?"

किती दिवसांनी तिने काही विचारलं होतं. त्याच्या ओठांवर तुमचं वाक्य आलं, की मग तो जगप्रसिद्ध झाला. ते त्याने गिळलं. याच वाक्याने पोरीला आत कोंडलं होतं.

"माहीत नाही गं. तेवढ्यात घंटा झाली."

तिने फट आणखी थोडी उघडली. मग म्हणाली, "मग शोधा."

म्हणून आज गुरुवारी तो सकाळपासून तुमच्या कचेरीतल्या बाकावर बसला आहे. साहेब मीटिंगमध्ये आहेत, साहेब जेवायला गेलेत, अर्ज आणलाय का, हे सगळं त्याचं ऐकून झालं आहे. उद्या शुक्रवार. घरी दाराची फट अजून उघडी आहे, आणि ती किती वेळ उघडी राहील हे त्याला ठाऊक नाही. त्याला भरपाई नको, माफी नको. लगद्यात घालण्याआधी तुमच्यातल्या कोणी एकाने तरी ते पान वाचलं असेल. त्या अंधाऱ्या खोलीत, हातात सुई घेऊन, त्या माणसाने पुढे काय केलं?

सांगा.