साहेबांच्या गळ्यातून काढलेला हार

मी सुताचा हार बोलतोय. फुलांचा असतो तर दुसऱ्या दिवशी सुकून सुटलो असतो. पण आमच्या वर्ध्याकडे मोठ्या माणसाच्या गळ्यात हातसुताची गुंडी, म्हणजे चरख्यावर कातलेल्या सुताची लड, घालायची रीत. सूत सुकत नाही, आणि मला तर दुसऱ्याच्या बोलण्याकडे कान लावायची खोड. म्हणून जे ऐकलं ते सांगतो. राग आला तर येऊ द्या, मलाही आलाय.

आर्वीजवळच्या एका खेड्यात चिंधू हवालदाराच्या ओसरीत माझा जन्म झाला. अठ्ठेचाळीस साली काश्मीरच्या लढाईत सुरुंगावर त्याचा उजवा पाय गेला. लष्करानं लाकडी पाय बसवून दिला होता, तो आठ वर्षांनी मोडला. मग कुबडी आली, शेतातली मजुरी सुटली, आणि बसून होण्यासारखं काम म्हणून चरखा आला.

नवा पाय पुण्याला मिळतो. पण अर्जावर साहेबांची सही पाहिजे आणि कागद पंधरा फेब्रुवारीच्या आत तिकडे पोचला पाहिजे, असं त्याला कचेरीत कोणीतरी सांगितलं. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. चिंधू कुबडीवर चारदा त्यांच्या बंगल्यावर गेला. चारदा ऐकून आला, साहेब दौऱ्यावर आहेत.

अशात सत्तावन्न सालच्या सव्वीस जानेवारीला आर्वीत माजी सैनिकांचा सत्कार ठरला. निवडणूक महिन्यावर आली होती, हे वेगळं सांगायला नको. निरोप आला की ज्याचा सत्कार त्यानं साहेबांसाठी सुताचा हार आणावा, आणि स्टेजवर अर्जबिर्ज काढू नये.

चिंधूची बायको अन्नपूर्णा भडकली. "सत्कार तुमचा अन् हार त्याईले? काऊन?"

"मोठी माणसं आहेत. असंच असते."

"पाय तुमचा गेला का त्याईचा?"

चिंधूनं अर्जाची बारीक सुरळी केली आणि माझ्या गाठीत घट्ट बांधली. आमच्याकडे सगळे असंच करत. साहेब रात्री घरी गेले की एकेक हार सोडतात आणि कागद वाचतात, असं जो तो सांगायचा. सोडताना कोणी पाहिलं होतं म्हणाल तर कोणीच नाही.

सत्काराला दहाची वेळ होती. साहेब एक वाजता आले. तोवर सत्काराला बोलावलेले पंधरा सैनिक उन्हात उभे, कारण खुर्च्या पाहुण्यांसाठी होत्या. साहेबांचे चिटणीस अण्णाजी धावत आले. "हवालदार, ती कुबडी खाली ठेवा बरं. फोटोत चांगली दिसत नाही."

कुबडी खाली गेली. चिंधू एका पायावर उभा राहिला, शेजारच्याचा खांदा धरून. साहेब पाऊण तास बोलले. "या वीरांच्या चरणी माझं मस्तक आहे," म्हणाले. मग मागे वाकून अण्णाजींना हळूच विचारलं, "ह्याचं नाव काय?" अण्णाजींनाही माहीत नव्हतं.

चिंधूनं मला त्यांच्या गळ्यात घातलं. एव्हाना त्याच्या एकुलत्या पायानं दगा द्यायची वेळ झाली होती. फोटो निघाला. फोटो निघताच साहेबांनी मला डोक्यावरून काढलं आणि न बघता मागे फेकलं. किती वेळ होतो मी त्या गळ्यात? एकदा खोकायला लागतो तेवढासुद्धा नाही.

बंगल्यावर कोपऱ्यात आम्हा सगळ्या हारांचा ढीग पडला. मी रात्रभर वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही पाहिली. चांगल्या गुंड्या विणकराकडे गेल्या. माझी गाठ जाड, म्हणून मला बाजूला टाकलं. फेब्रुवारीची पंधरा तारीख मी त्याच कोपऱ्यात घालवली, पोटात अर्ज घेऊन. मला तोंड असतं तर शिव्याच दिल्या असत्या.

मग प्रचाराचे कागद छापून आले आणि त्यांचा गठ्ठा बांधायला अण्णाजींनी मला उचललं. कागदावर काय असावं? साहेब, आणि त्यांना हार घालणारा चिंधू. खाली मोठ्या अक्षरांत: सैनिकांचा सन्मान करणाऱ्यालाच मत द्या.

वीस तारखेला अण्णाजींना घेऊन जीप आमच्याच गावात आली. गठ्ठा पारावर उतरवला. चिंधू तिथेच बसला होता. आपला फोटो बघून तो थोडा हसलाही. मग त्यानं मला बोटांत धरलं आणि त्याचं हसू गेलं. आपल्या हातचा पीळ माणूस विसरत नाही. त्यानं गाठ चाचपली. कागद आत कुरकुरला.

"अण्णाजी, हे कोणी सोडलंच नाई."

"अहो हवालदार, अर्ज हातात द्यायचा ना! हारात कोण बघतं?"

"चारदा आलतो हातात द्याले."

"बरं, उद्या सभेला या. हार घालायला तुम्हीच. गाडी पाठवतो."

अन्नपूर्णा पदर खोचून पुढे आली. "गाडी पाठवता? तवा कुठी गेलती गाडी? पाच दिस झाले तारखेले!"

चिंधूनं तिला हातानं थांबवलं. कुबडी टेकत तो गठ्ठ्यापाशी गेला आणि सरळ त्याच्यावर बसला. "यावर माहा फोटो आहे. हे या गावात वाटायचे नाई. न्यायचे असन तर मले उचला."

ड्रायव्हर पुढे झाला, पण पारावरची माणसं उठून उभी राहिलेली बघून थबकला. अण्णाजी बरंच काही बोलले. शेवटी जीप गठ्ठा तिथेच टाकून गेली.

गोष्ट इथे संपली तर तुम्हाला बरं वाटेल. पण बाकी चाळीस गावांत ते कागद वाटले गेले आणि साहेब निवडून आले. चिंधूनं अर्ज पुन्हा लिहून साहेबांच्या नावानं टपालात टाकला आहे. उत्तर नाही. काखेत लाकूड रुतू नये म्हणून अन्नपूर्णेनं मला कुबडीच्या माथ्यावर गुंडाळलंय. इथे घामानं मी काळा पडलोय, पण त्या गळ्यापेक्षा ही जागा शंभर पटीनं बरी.

पंधरा ऑगस्टला पुन्हा सत्कार आहे म्हणे. साहेब, शाल नको, भाषण नको. माणसाला बसायला खुर्ची द्या. आणि हार काढून फेकण्याआधी त्याची गाठ सोडून बघा. अन्नपूर्णेनं माझी सोडली तेव्हा मी तिचे श्वास मोजले होते. दहासुद्धा झाले नव्हते, तोच अर्ज बाहेर आला.