झग्याखालचा चेंडू

वर्धापनदिनाच्या फुटबॉल सामन्यात दहावीची पोरं शिक्षकांकडून दरवर्षी हरत, कारण गोलात मुख्याध्यापक फादर पायघोळ झगा घालूनच उभे राहत. चेंडू झग्यात अडकला की खेळ खल्लास!

यंदा शेवटच्या मिनिटाला पोपटने जीव खाऊन लाथ हाणली. सगळ्यांच्या नकला करतो म्हणून कप्तानाचं नाव पोपट. चेंडू झग्यात घुसला आणि फादर धाडकन गोलरेषेवरच आडवे! झगा तंबूसारखा पसरला. चेंडू रेषेच्या आत की बाहेर, दिसतंय कुणाला? पंच झालेल्या गणिताच्या सरांनी हात टेकले.

"खरं काय ते फादरच जाणोत!"

पोपटच्या डोक्यात किडा वळवळला. दर शुक्रवारी चॅपलमध्ये याच फादरांकडे पापं कबूल करून त्याने प्रायश्चित्त म्हणून मैदानाला दहा-दहा फेऱ्या मारल्या होत्या. तो त्यांच्याशेजारी बसला, कान पुढे केला आणि हुबेहूब त्यांच्याच आवाजात म्हणाला, "बोल लेकरा, मनात काही ठेवू नकोस."

सगळी शाळा भोवती गोळा झाली. फादरांनी छातीवर हात ठेवला.

"गोल झालाय, फादर."

मैदान दणाणलं. पोपट त्याच आवाजात म्हणाला, "दहा फेऱ्या, लेकरा. झग्यासकट!"