मालिनीबाईंच्या ओट्यावरची शेगडी

मित्रांनो, नाशकात पंचवटीतल्या एका घराच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली जी दोन बर्नरची गॅसची शेगडी पडली आहे, ती मी. आता मला गंज चढला आहे, पण एके काळी या घराचा ओटा माझा होता.

मालिनीबाईंनी मला दुकानात स्वतः निवडलं. त्यांचे पती ढुंढिराज गुरुजी रामकुंडावर पौरोहित्य करत. गावोगावची माणसं अस्थी घेऊन त्यांच्याकडे येत आणि विधी आटोपले की घरी जेवायला येत. ती फार बोलत नसत. मालिनीबाई त्यांना मऊ वरणभात आणि माझ्या आचेवर टम्म फुगलेला फुलका वाढत. रडून डोळे सुजलेलं माणूस आणखी एक फुलका मागून घेई, तेव्हा मला फार बरं वाटे.

मालिनीबाईंचा सगळा स्वयंपाक नाकावर चाले. पाठमोऱ्या असल्या तरी नेमक्या वेळी त्या मला बारीक करत. मग त्यांना एक मोठा ताप येऊन गेला आणि त्यानंतर पदार्थ करपू लागले. घरातले हसत. त्याही हसून म्हणत, वय झालं, लक्ष राहत नाही. मला मात्र जवळून दिसे. हिंगाची डबी नाकाशी धरून त्या बराच वेळ उभ्या राहत आणि मग मुकाट्यानं झाकण लावत.

एका दुपारी दूध उतू गेलं. माझी ज्योत विझली, गॅस तसाच वाहत राहिला. मला हाक मारता येत नाही, स्वतःचं बटण फिरवता येत नाही. मालिनीबाई जवळच मेथी निवडत बसल्या होत्या. थोड्या वेळानं त्या उठल्या, ज्योत विझलेली पाहिली आणि पुन्हा पेटवायला लायटर उचलला. तेवढ्यात त्यांची सून संपदा बाहेरून आली. तिनं धावत येऊन लायटर काढून घेतला, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मग ती फरशीवरच बसली.

"आई, तुम्हाला खरंच वास आला नाही?"

"मला कसलाच वास येत नाही, संपदा. त्या तापापासून. सांगितलं असतं, तर तुम्ही मला इथे उभं राहू दिलं नसतं."

डॉक्टरांनी वास परत येण्याची फारशी आशा दाखवली नाही. मुलगा विश्वेश म्हणाला, विजेची इंडक्शन शेगडी आणू, तिच्यात ज्योतच नाही. गुरुजींना ते पटेना. फुलका विस्तवावरच फुगतो, शिवाय वीज गेली तर दारी आलेल्यांना उपाशी ठेवायचं का, असं त्यांचं म्हणणं. गॅस गळला की वाजणारं यंत्र लावावं, असंही त्यांनी सुचवलं. शेवटी मालिनीबाईच बोलल्या.

"दुपारी मी एकटी असते, डोळा लागतो, यंत्र वाजलं तरी कळायचं नाही. माझ्यापायी शेजारची पोरं भाजायला नकोत. काढा ही शेगडी."

नवी शेगडी आली आणि मी स्वयंपाकघराला लागून असलेल्या गॅलरीत गेले. तिच्यावर न तापणारी पितळी पातेली माळ्यावर गेली. मालिनीबाई सवयीनं वाकून आच बघायला जात आणि काळ्या काचेकडे पाहत राहत. फुलके वातड होऊ लागले. मग त्यांनी स्वयंपाकातून हात काढून घेतला, आणि गुरुजी लोकांना खानावळीत पाठवू लागले.

एकदा सायखेड्याच्या भिमाबाई तरण्या मुलाच्या अस्थी घेऊन आल्या. त्यांना घेरी आली, म्हणून गुरुजींनी त्यांना घरी आणलं. मालिनीबाई बऱ्याच दिवसांनी स्वयंपाकाला उठल्या, पदर खोचला आणि संपदाला जवळ बोलावलं.

"तू फक्त वास सांग मला."

संपदा खांद्याला खांदा लावून उभी राहिली. जिरं अजून कच्चं आहे, आता खमंग झालं, आता हिंग टाका, असं हळू आवाजात सांगत राहिली. फुलका काही फुगला नाही. तरी भिमाबाई जेवल्या.

"लय दिवसांनी घास खाली उतरला, बाई," त्या म्हणाल्या. मालिनीबाईंनी आणखी वाढलं आणि गॅलरीत येऊन डोळे पुसले.

मी लवकरच भंगारात जाईन. मला काढलं ते बरोबरच झालं. तरी ओट्यावर माझ्याशिवाय फोडणी बसली, ते ऐकताना मला फार एकटं वाटलं.

मित्रांनो, गॅस घ्यायचा की वीज, ते तुम्ही ठरवालच. त्याआधी, रोज तुम्हाला जेवू घालणाऱ्या माणसाजवळ घटकाभर बसा. आमटी करपली तर हसू नका, काय होतंय ते विचारा. मालिनीबाईंना त्या दुपारपर्यंत कुणीच विचारलं नव्हतं.