सर्व्हरच्या खोलीतला जागल्या

मित्रांनो, कोपऱ्यातला हा पिवळा पडलेला खोका म्हणजे मी, एक जुना संगणक. एका मोठ्या रुग्णालयाच्या कार्यालयात माझी उमेदीची वर्षं गेली. नवे संगणक आले आणि माझी रवानगी थेट जिन्याखाली झाली. तिथून मला उचललं संगणक विभागातल्या ताईंनी. त्यांनी माझी धूळ पुसली आणि माझ्यात देखरेखीचं एक सॉफ्टवेअर बसवलं. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही बरं का! कितीतरी अनोळखी माणसांनी ते मिळून लिहिलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. मला तर नवा जन्मच मिळाला.

सर्व्हर म्हणजे सगळ्या विभागांची माहिती सांभाळणारी मोठी यंत्रं. त्यांच्या थंडगार खोलीत बसून मी सतत प्रत्येकाची विचारपूस करायचो. अंग तापलंय का? माहिती साठवायला जागा उरलीय का? काही बिघडलं की पडदा लाल करायचा आणि ताईंना ईमेल धाडायचा. सुरुवातीला माझं कोण कौतुक झालं! मग सवय झाली. ईमेल नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून लोक माझ्याकडे फिरकेनासे झाले. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी तपासण्यांचे रिपोर्ट ठेवणाऱ्या सर्व्हरची जागा भरली आणि तो ठप्प झाला. मी लालभडक झालो, ईमेलमागून ईमेल लिहिले. पण ईमेल पोहोचवायचं कामही त्याच सर्व्हरकडे होतं. बेशुद्ध पडलेल्यालाच डॉक्टर बोलवायला पाठवण्यातली गत! माझा जीव नुसता टांगणीला लागला.

तेवढ्यात फाटकावरचे रखवालदार काका धापा टाकत ताईंकडे आले. "ताई, माझी पोरगी ऑपरेशनला आत आहे. तिच्या रक्ताचा रिपोर्ट दिसत नाही म्हणून डॉक्टर थांबलेत."

सर्व्हर ठीकच असणार, ईमेल कुठे आलाय, असं ताई म्हणाल्या खऱ्या. पण काकांचा चेहरा बघून त्या उठल्या. दार उघडताच माझा लाल पडदा दिसला आणि त्यांना सगळं उमगलं. त्यांनी भराभर जुन्या फायली हलवून जागा केली, सर्व्हर चालू केला. रिपोर्ट डॉक्टरांपर्यंत पोहोचला. ऑपरेशन झालं, पोरगी वाचली.

पण विभागाचे साहेब माझ्यावरच भडकले. ऐन वेळी मिठाची गुळणी धरून बसणारा हा डबा भंगारात टाका, म्हणाले.

"तो ओरडत होता, साहेब," ताई शांतपणे म्हणाल्या. "आपल्याला ऐकू येईल अशी सोय आपण केली नव्हती."

आता माझा निरोप वेगळ्या वाटेने थेट ताईंच्या फोनवर जातो. शिवाय दुसऱ्या खोलीत माझ्यासारखाच एक जुना संगणक बसवलाय. त्याचं काम एकच, माझी खुशाली विचारायची. मी उत्तर दिलं नाही, तर तो ताईंना कळवतो. म्हातारपणी एवढं कोण करतं हो!

मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी गप्प असलं, तर त्याचं सगळं आलबेल आहे असं धरून चालू नका. कदाचित ते केव्हाचं हाका मारत असेल. उठा, दार उघडा आणि एकदा त्याच्याकडे बघा.