कोरा सदरा

दसऱ्याच्या सकाळी अशोक भामरेंनी कपाटातला सगळ्यात पांढरा सदरा काढला, आणि तो आज खराब व्हावा अशी मनापासून इच्छा धरली.

ऐकायला वेडगळ वाटेल, पण त्यामागे एक रीत होती. सिल्वासातल्या ज्या यार्नच्या कंपनीत भामरेंची उमेदीची सगळी वर्षं गेली, तिथे खोलून पुन्हा जोडलेलं मशीन पहिल्यांदा चालू करण्याआधी पुलीच्या खाचेत चिमूटभर कोरडं कुंकू भरायचे. मशीन सुरू होऊन पुलीने वेग घेतला की कुंकू उडायचं. समोर उभ्या असलेल्या ज्या माणसाच्या अंगावर ते पडेल, ते मशीन त्याचं. पुढे ते कधीही रुसलं तरी हाक त्यालाच. धुळ्याकडचे फिटर, बिहारी हेल्पर, गुजराती सुपरवायझर, सगळे ही रीत पाळायचे. भामरेंच्या कपड्यांवर हे डाग इतक्यांदा पडले होते की छाया, त्यांची बायको, साबण घासता घासता कंपनीच्या नावाने बोटं मोडायची.

आता कंपनी सुटली होती. आजचं मशीन भामरेंचं स्वतःचं होतं: एमजी या जुन्या विलायती स्पोर्ट्स गाडीचं इंजिन. दोन माणसं जेमतेम मावतील एवढी ती गाडी दमणच्या एका पारशी म्हाताऱ्याच्या आवारात सडत होती. सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. "लई जा डीकरा, पन चलावजे," म्हणत त्याने ती देऊन टाकली. सिल्वासातच, आमलीतल्या आपल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भामरेंनी इंजिन उतरवलं आणि पार सुटं केलं. पिस्टन असे अडकून बसले होते की डिझेल पाजून पाजून त्यांची मनधरणी करावी लागली. सिलिंडर वापीला नेऊन बोअर करून आणले, बेअरिंग विलायतेहून मागवले, व्हॉल्व हाताने घासून बसवले, जी गॅस्केट मिळाली नाहीत ती कॉर्कच्या शीटमधून कापली. या सगळ्यात दुसऱ्या कुणाला एक नटही फिरवू दिला नाही. पराग दर रविवारी यायचा. नाशिकचा पोरगा, भामरेंच्या हाताखाली शिकलेला, आता कंपनीत मेंटेनन्सचा मॅनेजर. पण शेडमध्ये मॅनेजरसाहेबांना फक्त स्टुलावर बसून चहा प्यायची परवानगी होती.

या हट्टाचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. कंपनीतल्या शेवटच्या वर्षी भामरेंनी मोठा कॉम्प्रेसर खोलून जोडला. मुंबईहून साहेबलोक आले होते. हार चढला, नारळ फुटला, भामरेंनी बटण दाबलं आणि कॉम्प्रेसर एकदा किंचाळून जागच्या जागी जाम झाला. तेलाच्या लाइनीचा एक व्हॉल्व उघडायचा राहिला होता. कुणी रागावलं नाही. त्यांना एक टेबल दिलं, खुर्ची दिली, आणि पुन्हा कुठल्या मशीनला हात लावू दिला नाही. भामरेंनी वेळेआधी निवृत्ती घेतली. तेव्हापासून हा माणूस घरातल्या गॅसचं बटणसुद्धा तीनतीनदा बघायचा. आपल्या हातांवर अजून भरवसा ठेवायचा की नाही, एवढंच त्यांना या इंजिनाकडून हवं होतं. गाडी रस्त्यावर धावली काय, न धावली काय, तो नंतरचा प्रश्न.

इंजिन जोडून झालं ते नवरात्राच्या तोंडावर. लोखंडी स्टँडवर उभं केलं, पेट्रोलचा डबा वर टांगला, बॅटरी जोडली, पुलीत कुंकू भरलं आणि शेडला कुलूप घातलं. "दसऱ्यालाच सुरू करायचं. त्याआधी कुणी फिरकायचं नाही," असं बजावून किल्ली छायाकडे दिली, कारण पुतण्याच्या साखरपुड्याला धुळ्याला जायचं होतं. छाया गुडघ्याचं निमित्त सांगून मागे राहिली. ते परत आले तेव्हा मोरीत तिची निळी साडी भिजत पडली होती आणि बादलीतलं पाणी लालसर झालं होतं. "लोणचं सांडलं," ती म्हणाली. भामरे हातपाय धुऊन जेवायला बसले.

दसऱ्याला सगळे जमले. पराग, कंपनीतले जुने फिटर चिंधा आणि सुकदेव, शेजारचा कल्पेश. कल्पेशने गरमागरम फाफडा-जलेबी आणली होती. छायाने इंजिनाला झेंडूची माळ घातली, हळद वाहिली. भामरे पुलीच्या बरोबर समोर उभे राहिले. पेट्रोलचा नळ तीनदा बघून घेतला.

त्यांनी बटण दाबलं.

इंजिनाने एक गिरकी घेतली आणि ते धडधडू लागलं. खोकणं नाही, अडखळणं नाही. शेडचे पत्रे थरथरले, माळेतला झेंडू गळून खाली पडला, आणि भामरेंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. टाळ्या वाजल्या. सुकदेवने शिट्टी घातली. त्या क्षणी भामरेंना त्या कॉम्प्रेसरची किंचाळी पहिल्यांदा लांब गेल्यासारखी वाटली. "चाललं," ते मोठ्याने म्हणाले, "अरे, चाललं की!"

मग सवयीने त्यांनी खाली सदऱ्याकडे बघितलं.

सदरा कोरा होता. एक ठिपकासुद्धा नाही. त्यांनी चालत्या इंजिनासमोर वाकून पुलीकडे पाहिलं. फिरणाऱ्या खाचेत कुंकवाची लाल रेघ घट्ट चिकटून बसली होती. कोरडं कुंकू असं चिकटत नाही. हे कुणीतरी पाण्यात कालवून भरलं होतं आणि वाळू दिलं होतं. मग त्यांनी भरलेलं कुंकू गेलं कुठे? आणि ते कुठे गेलं हे कळायला फार डोकं लागलं नाही. मोरीतली बादली त्यांच्या डोळ्यांसमोर आली.

त्यांनी इंजिन बंद केलं. एकदम शांतता झाली, तेव्हा त्यांना छायाकडे बघायचं होतं, पण बघवेना.

"हे आधी कुणी चालवलं?"

पराग बुटांकडे बघत राहिला. कल्पेश गंमत करायची म्हणून बोलून गेला, "काका, विडिओमां तो याच्यापेक्षा पण जोरात होता!"

"कुठल्या व्हिडिओत?"

चिंधाने कल्पेशला कोपराने ढोसलं, पण उशीर झाला होता. भामरेंनी एकेकाचा चेहरा बघितला. सगळ्यांना ठाऊक होतं. टाळ्या वाजवणारा प्रत्येक हात आधीच ते बघून आला होता. सुकदेवची शिट्टीसुद्धा ठरवून घातलेली होती. एखाद्या लहान पोराच्या हातातून पतंग काढून घ्यायचा, आपण उडवायचा आणि मग दोरा त्याच्या हातात देऊन म्हणायचं, बघ, तू उडवलास. तसं झालं होतं.

"साहेब, ऐकून तर घ्या," पराग म्हणाला. "तुम्ही धुळ्याला गेलात तेव्हा वहिनींनी फोन केला. त्यांना भीती वाटत होती. सगळ्यांसमोर पुन्हा तसं काही झालं असतं तर... म्हणून म्हटलं, एकदा बघून घेऊ. सुरूच होईना. कार्बोरेटरमधून उलट फटाके. दुपार गेली माझी. शेवटी कळलं, डिस्ट्रिब्युटरवरच्या चार वायरी उलट्या लागल्या होत्या. पहिलीची जागा चौथीला, दुसरीची तिसरीला. कुणाचीही होते ही चूक. बदलल्या, आणि काय सांगू साहेब, असं उठलं इंजिन! मला राहवलं नाही, व्हिडिओ काढला, या सगळ्यांना पाठवला. पण साहेबांना कुणी सांगायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं होतं. तुमचा आनंद..."

"माझा आनंद," भामरे म्हणाले.

रागाने ते ओरडतील असं सगळ्यांना वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "जिलबी थंड होतेय. घेऊन जा घरी. सगळ्यांनी जा." परागने त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. बाहेर एकेक करून मोटरसायकली सुरू झाल्या, किलवणीच्या रस्त्याला लागल्या. शेडमध्ये दोघंच उरली.

"मी बाजूला उभी होते," छाया म्हणाली. ती रडत होती, पण पदर डोळ्यांना लावत नव्हती. "वायरी बदलल्यावर पराग भाऊजी म्हणाले, वहिनी, समोर या, तुम्ही दाबा बटण. मी दाबलं. कुंकू माझ्याच अंगावर आलं. मग ओलं करून पुन्हा भरलं. मला वाटलं, वाळलं की उडेल." ती एक पाऊल जवळ आली. "त्या कॉम्प्रेसरनंतर तुम्ही कसे झाला होता ते मी पाहिलंय. तुम्ही नाही पाहिलं. पुन्हा तसं बघायची माझ्यात ताकद नव्हती हो."

"म्हणजे तुझी खात्रीच होती, माझं चुकणार म्हणून."

"खात्री नव्हती. भीती होती."

"एकच झालं." तीस-बत्तीस वर्षांचा संसार त्यांच्या डोळ्यांसमोरून झरकन गेला आणि त्यात आपल्याला आपल्याच माणसाने केसाने गळा कापल्यासारखं कधी वाटलं होतं का, हे ते शोधू लागले. सापडलं नाही. परक्याने केलं असतं तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. ही तर त्यांच्यासाठी रडत होती. "मशीन तुझं झालं, छाया. रीतच आहे."

त्यांनी सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवरच्या चारही वायरी उपटल्या. पहिलीच्या जागी चौथी लावली, दुसरीच्या जागी तिसरी. म्हणजे जशा त्यांनी स्वतः लावल्या होत्या, तशा.

"काय करताय?"

"माझी चूक परत लावतोय."

त्यांनी बटण दाबलं. इंजिन कण्हत फिरलं, फिरलं, आणि कार्बोरेटरच्या तोंडातून फाट करून जाळाची जीभ बाहेर आली. छाया दचकून मागे सरली. भामरे हलले नाहीत. डोकं एका बाजूला कलवून ते ऐकत राहिले. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा फाट. तिसऱ्यांदा दाबायची गरज पडली नाही.

"ऐकलंस?" ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जुना फोरमन जागा झाला. "धक्का उलटा येतोय. व्हॉल्व उघडा असताना ठिणगी पडतेय. पेट्रोल बरोबर, हवा बरोबर, फक्त वायरी फिरल्यात. हे आवाजावरून कळतं. सगळ्यांसमोर फजिती झाली असती, दोन-चार जण हसले असते. मग मी वायरी बदलल्या असत्या. आणि कुंकू माझ्या अंगावर आलं असतं."

"तुम्हाला कळलंच असतं," छाया लगेच म्हणाली. "मला माहीत आहे."

"तुला माहीत नाही." त्यांनी वायरींवरचा हात काढला. "मलाही माहीत नाही. उत्तर परागने आधीच सांगितलंय. आता मला आवाजावरून कळलं, की त्याने सांगितलं म्हणून कळलं, हे कसं ठरवणार?"

छायाने कमरेची किल्ली चाचपली.

"कॉम्प्रेसरच्या वेळी निदान चूक तरी माझी माझ्याकडे होती," भामरे म्हणाले. त्यांनी खाली पडलेला झेंडू उचलून स्टँडवर ठेवला, वायरी तशाच उलट्या राहू दिल्या, आणि शेडच्या किल्लीसाठी तिच्यापुढे हात पसरला.