झुलालची एक झांज

“एकच डाव?” झुलालने दोन्ही झांजा मांडीवर ठेवल्या. “बठ्ठा गाणामा एकच?”

“एकच,” बँडमास्तर चुडामणनाना म्हणाले. “पंधरा मिन्टं उभं राहानं, मंग एक डाव वाजाडनी. मंग परत गप.”

धुळ्यातल्या वराती गेली तीस वर्षं झुलालच्या झांजेवर चालत होत्या. निदान झुलालचं तसं मत होतं. सलग पंधरा मिनिटं गप्प बसायची पाळी त्याच्यावर फक्त स्वतःच्या लग्नात आली होती.

हे खूळ जळगावचं. तिथल्या एका प्राध्यापकाने मुलीच्या लग्नात नानांचं क्लॅरिनेट ऐकून त्यांना एक कॅसेट दिली. ब्रुकनर नावाच्या ऑस्ट्रियातल्या माणसाची सिंफनी, शंभर वर्षांपूर्वीची. नानांनी सहा महिने ती ऐकली आणि तिचा संथ भाग आपल्या अकरा माणसांच्या बँडवर बसवला.

“खेडाना मास्तरना पोऱ्या,” नाना सांगत. “गावना नाचमा फिडल वाजाडे. म्हंजे आपलाच माणूस शे. त्याना गुरू मराले टेकेल व्हता, तव्हय हाई लिखं. आन् ती झांज त्यानी सोताहून घाली का चेलास्नी घालाले लावी, यावर इद्वान लोके आजून भांडतस.”

“मंग वाजाडनी का नई?”

“आपण वाजाडू. आपले कोण इचारस?”

वरातीत ते कुणी मागितलं नाही, हे ओघानेच आलं. तालमीत झुलालचा हात दर वेळी आधीच उठायचा. नाना क्लॅरिनेट खाली घेत आणि पहिल्यापासून सुरू करत. “माले पोचाडाले जाशात तव्हय हाईच वाजाडा,” त्यांनी बजावून ठेवलं होतं. “आन् झुलाल, तू चुकू नको.”

ब्याण्णवच्या मार्चमध्ये नाना गेले. पिकल्या वयाचा माणूस गेला की बँड पुढे आणि तिरडी मागे, अशी रीत. तोच संथ भाग वाजवत गल्लीतून निघाल्यावर झुलालच्या ध्यानात आलं की पांझरा नदीकाठचं स्मशान दहा मिनिटांवर आहे आणि झांज पंधराव्या मिनिटाला. तो चालत चालत सगळ्यांच्या पुढे गेला आणि त्याने पाऊल आखडतं घेतलं. त्याच्यामागे बँड मंदावला, बँडमागे तिरडी.

“चाल ना भो, ऊन चढी राह्यनं!” नानांचे साडू रुपचंदभाऊ मागून ओरडले. “हाई काय वरात शे का?”

झुलालने मागे पाहिलं नाही. रस्ता कसा अडवायचा, हे नवरदेवांच्या मित्रांनी त्याला तीस वर्षं फुकट शिकवलं होतं.

स्मशानाच्या फाटकाशी सूर चढू लागले. सवयीने हात उठला. त्याने तो मांडीवर दाबून धरला. नानांच्या जागी क्लॅरिनेट धरलेला बँडमधला पुना घामाने निथळत होता. सूर अजून एक पायरी चढले, मग आणखी एक.

झुलालने झांज मारली.

एरवी तो लगेच झांजा छातीला टेकवून आवाज बंद करायचा. आज हात तसेच लांब राहिले. खांदेकरी तिरडी घेऊन थांबले. तो आवाज पांझरेच्या वाळूवर जाऊन पुरता विरेपर्यंत झुलाल फाटकात, वाट अडवून, उभा होता.